टक्के नाही, लिटर बघा: माझ्या दम्याचे १५ वर्षांचे रिपोर्ट

मला दमा आहे तो शाळेत असल्यापासून, आता वय ४६. म्हणजे डेरिफायलिनची इंजेक्शनं, अस्थालिनच्या गोळ्या (त्या घेतल्या की हात थरथरायचे), कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणारं दम्याचं औषध, मग रोटाहेलर, मग स्पेसर लावून पंप, हे सगळं माझं करून झालंय. पण हे लिहितेय ते औषधांबद्दल नाही. लिहितेय ते फुफ्फुसांची ताकद मोजण्याबद्दल, कारण गेल्या वर्षी मी जे मोजमाप पार पाडलं त्यातून मला जे कळलं ते इतकी वर्षं दमा घेऊन जगूनसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते माहीत नसतं याची मला खरंच काळजी वाटते.

झालं असं की मला काहीच त्रास नव्हता. शाळेत शिकवते, दोन मजले चढून वर्गात जाते, सुट्टीत भाचरांबरोबर सिंहगड चढले होते, हळूहळू का होईना. आई तर म्हणायची, तुझा दमा गेलाच की गं आता. तब्येत स्थिर आहे म्हणून डॉक्टरांनी आधी इन्हेलरचा डोस कमी केला होता, ते योग्यच होतं, दमा नीट ताब्यात असेल तर डोस खाली आणतातच. फक्त त्यानंतर एकदा स्पायरोमेट्री (मशीनमध्ये फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची टेस्ट) व्हायला हवी होती ती कोविडच्या गडबडीत मागे पडली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फुंकायच्या टेस्टच बंद होत्या, आणि २०२१ ला एकदा केली तीही धड झाली नाही. मग २०२४ च्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले की तुमची पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी, करून घेऊ, आणि येताना जुने सगळे रिपोर्ट घेऊन या, अगदी पिवळे पडलेले असले तरी.

टेस्टच्या तयारीबद्दल आधी सांगते कारण इथेच अर्धी टेस्ट बिघडते. माझ्या इन्हेलरमध्ये फॉर्मोटेरॉल आहे, त्याचा असर लांब चालतो म्हणून तो २४ तास आधी थांबवायला सांगितला, आणि तातडीचा पंप किमान ४ तास आधीपासून नको. कारण औषध आत असताना मोजलं तर श्वासनळ्या आधीच मोकळ्या झालेल्या असतात, मग औषधाने किती फरक पडतो ते कळणार कसं. पण हे आपल्या मनाने करायचं नाही, डॉक्टरांना विचारूनच, आणि मला स्पष्ट सांगितलं होतं की रात्री धाप लागली तर सरळ पंप घ्या, आम्हाला कळवा, टेस्ट दुसऱ्या दिवशी करू, टेस्टसाठी अंगावर काढायचं नाही. बाकी पोटभर जेवून जायचं नाही, घट्ट कपडे नकोत, तासभर आधी पळापळ नको. मी सलवार कुर्ता घालून गेले, साडी कमरेला घट्ट बसते म्हणून मुद्दाम टाळली.

आत टेस्ट घेणारी ताई होती, तिने आधी चपला काढून उंची मोजली. मी म्हटलं सांगते ना, ५ फूट १ इंच, तर म्हणाली सांगितलेली चालत नाही मॅडम, मोजावीच लागते. कारण मशीन तुमचं वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून तुमची फुफ्फुसं किती असायला हवीत त्याचा अंदाज काढतं, उंची चुकली की पुढचं सगळंच चुकलं. हे फार जुनं आहे म्हणे, लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या सर्जनने १८४६ साली २,००० हून जास्त लोकांना आपल्या यंत्रात फुंकायला लावून दाखवलं होतं की छातीत किती हवा मावते ते उंचीवर ठरतं. त्याच्या लोकांत खलाशी होते, पोलीस होते, पैलवान होते.

स्पायरोमेट्रीच्या आधी फेनो नावाची एक टेस्ट केली. ती आधीच करायची असते कारण जोरात फुंकून झाल्यावर तिचा आकडा खाली येऊ शकतो. यात उलट हळू आणि एकसारखं फुंकायचं, साधारण १० सेकंद, स्क्रीनवर रेघ असते ती वरखाली होऊ द्यायची नाही. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, श्वासनळ्यांना अ‍ॅलर्जीची सूज असेल तर तो वाढतो. मोठ्या माणसांत २५ च्या खाली म्हणजे सूज फारशी नाही, ५० च्या वर म्हणजे आहे. माझा आला ५८. मी ताईकडे बघतच राहिले, कारण मला खोकलासुद्धा नव्हता.

मग मुख्य टेस्ट. नाकाला चिमटा, तोंडात जाडसर फिल्टरचा तुकडा, ओठ घट्ट मिटलेले, पाठ ताठ, पाय जमिनीवर. छाती पूर्ण, अगदी पूर्ण भरून घ्यायची आणि क्षणभरही न थांबता एकदम स्फोट झाल्यासारखी बाहेर सोडायची, आणि मग सोडतच राहायची, सोडतच राहायची, आत काही उरलं नाही असं वाटलं तरी. ताई शेजारी उभी राहून ओरडत होती, "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, अजून, थांबायचं नाही, अजून आहे आत, आता घ्या आत!" पहिल्यांदा करणाऱ्याला वाटेल ही आपल्याला रागावतेय की काय, पण ते ओरडणं टेस्टचा भागच आहे, त्याशिवाय माणूस शेवटचा अर्धा लिटर बाहेर काढतच नाही. पहिल्या सेकंदात खोकला आला की ती फुंक बाद. सुरुवात अडखळली की बाद. किमान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यातल्या सर्वात मोठ्या दोघींत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, तोपर्यंत परत परत. मध्ये मध्ये डोळ्यांपुढे काजवे चमकतात, डोकं हलकं होतं, तेव्हा सांगायचं, बसू देतात. ज्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी आधीच सांगायचं, त्यांना हा जोर चालत नाही.

त्यानंतर स्पेसरमधून सालब्युटामॉलचे (नळ्या लगेच मोकळ्या करणारं औषध) चार पफ दिले, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, १५ मिनिटं बाहेर बसवलं आणि परत तीच सगळी फुंकाफुंक.

आकडे सांगते. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ज्याला एफईव्ही वन म्हणतात, ती औषधाच्या आधी १.५८ लिटर. पूर्ण श्वास, म्हणजे एफव्हीसी, २.४८. म्हणजे छातीतल्या हवेतली फक्त ६४ टक्के पहिल्या सेकंदात निघाली. औषधानंतर एफईव्ही वन १.८६, म्हणजे २८० मिली वाढली, जवळपास १८ टक्के. १२ टक्के आणि २०० मिली या दोन्हीच्या वर वाढ झाली की नळ्या औषधाला चांगला प्रतिसाद देतात असं धरतात (आता टक्केवारी मोजायची नवी पद्धतही आलीय, पण माझा आकडा दोन्हीकडे बसत होता). आणि खाली लिहिलेलं, औषधानंतर अपेक्षित आकड्याच्या ८४ टक्के. ८० च्या वर म्हणजे नॉर्मलच ना? मला अगदी हायसं वाटलं.

पण डॉक्टरांनी तो ८४ बाजूला ठेवला. म्हणाले टक्के नका बघू, लिटर बघा, आणि ते पण एकट्या आजच्या रिपोर्टचे नाही. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि माझ्या जुन्या रिपोर्टमधले औषधानंतरचे आकडे एकाखाली एक लिहिले. २००९ साली २.३५. २०१३ ला २.२७. २०१७ ला २.१४. २०१९ ला २.०८. २०२१ चा एक रिपोर्ट होता तो त्यांनी घेतलाच नाही, कारण त्यात खोकल्यामुळे एकच फुंक धड झाली होती आणि क्वालिटी ग्रेड, म्हणजे टेस्ट किती नीट झाली त्याची खूण, खालची लिहिली होती, म्हणाले अशा रिपोर्टशी तुलना केली तर आपलीच फसगत. आणि आता १.८६.

जवळपास अर्धा लिटर. आणि मला कधी जाणवलं नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण ती फार लोकांच्या बाबतीत होत असणार. माझ्या २०१७ च्या रिपोर्टवर ७९ टक्के होतं आणि २०१९ च्या रिपोर्टवर ९० टक्के. तेव्हा घरी सगळे खूश, नवऱ्याने पेढे आणले होते. आता त्या कागदावर दिसत होतं की लिटर तर कमीच झालेत, २.१४ चे २.०८. मग टक्के वाढले कसे? तर २०१७ ची टेस्ट एका लॅबमध्ये झाली होती, २०१९ ची दुसरीकडे, आणि दोघांच्या मशीनमध्ये अपेक्षित आकडा काढायचं सूत्र वेगळं होतं. एकाने गोऱ्या लोकांवरून बनवलेलं वापरलं होतं, त्यात माझ्या उंचीवयाला २.७१ लिटर अपेक्षित, दुसऱ्याने भारतीयांचं, त्यात २.३१. टक्के म्हणजे तुमचा आकडा भागिले अपेक्षित आकडा, मग खालचा बदलला की टक्के उडी मारणारच, फुफ्फुसं तिथल्या तिथे असली तरी. रिपोर्टवर कुठलं सूत्र वापरलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वर कोपऱ्यात. कुणी बघत नाही. कृपया बघा.

दुसरं म्हणजे माझी २००९ ची सुरुवातच चांगली होती. ज्याची सुरुवात वरून झालीय तो अर्धा लिटर गमावूनसुद्धा ८४ टक्क्यांवर, म्हणजे नॉर्मलच्या खिडकीत बसतो. म्हणून इतरांच्या सरासरीशी तुलना करून भागत नाही, स्वतःच्या जुन्या आकड्याशी करावी लागते.

आता वयाबरोबर सगळ्यांचंच कमी होतं. विशीत फुफ्फुसं सगळ्यात भरात असतात, मग उतरण. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांवर १५ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास आहे, १९९८ साली छापून आला, त्यात दमा नसलेल्यांची एफईव्ही वन वर्षाला सरासरी २२ मिलीने कमी होत होती आणि दमा असलेल्यांची ३८ मिलीने. डॉक्टरांनी मला माझा हिशेब करायला लावला, गणिताची बाई आहे ना मी. २.३५ वजा १.८६ म्हणजे ४९० मिली, भागिले १५ वर्षं, साधारण ३३ मिली दर वर्षाला. पण तोडून बघितलं तर पहिल्या दहा वर्षांत वर्षाला २७ आणि शेवटच्या पाच वर्षांत ४४. म्हणजे उतार मध्येच तीव्र झाला होता, आणि नेमकी तीच वर्षं मी "मला काही त्रास नाही" म्हणत काढली होती.

असं का होतं ते त्यांनी समजावलं. दम्याची सूज वर्षानुवर्षं राहिली की श्वासनळीची भिंतच जाड होत जाते, भोवतीचा स्नायू वाढतो, कफ तयार करणाऱ्या ग्रंथी वाढतात. आधीचं आकसणं पंपाने सुटतं, हे जाड होणं सुटत नाही. आणि हे इतकं हळू होतं की शरीर जुळवून घेतं, आपण नकळत जिना हळू चढायला लागतो, पिशव्या दुसऱ्याच्या हातात देतो, आणि आपल्याला वाटतं वय झालं. दम्याच्या कितीतरी लोकांना नळ्या बऱ्यापैकी आकसल्या तरी धाप जाणवत नाही, जुन्या दुखण्यात तर जास्तच. मला घाम फुटला होता. मी विचारलं, मग हा अर्धा लिटर गेला तो गेलाच का?

तर म्हणाले ते आज नाही सांगता येणार. आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजचा १.८६ हा एक आकडा नाहीये, त्यात दोन गोष्टी मिसळल्यात, एक कायमची झालेली घट आणि एक सूज असल्यामुळे तात्पुरती झालेली. पंपाने १५ मिनिटांत स्नायू सैल होतो पण सूज १५ मिनिटांत उतरत नाही, तिला आठवडे लागतात, महिने लागतात. फेनो ५८ आहे म्हणजे सूज आहे. म्हणून आधी उपचार नीट करायचा, सूज उतरवायची, मग परत मोजायचं, तेव्हा जो सगळ्यात चांगला आकडा येईल तो तुमचा खरा आकडा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी.

इन्हेलरचा डोस वाढवला, आणि घरी पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितलं. ही साधी प्लास्टिकची नळी असते, हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारी, काटा शून्यावर आणायचा, उभं राहून एकच झटका फुंकायची, तीनदा, त्यातली सगळ्यात मोठी लिहायची. सकाळी उठल्यावर औषधाच्या आधी आणि संध्याकाळी. स्पायरोमेट्रीइतकं बारकाईने नाही कळत यातून, हे मोठ्या नळ्यांबद्दलच जास्त सांगतं आणि जोर कमी लावला तर आकडा कमी येतो, पण रोज घरात करता येतं ही त्याची ताकद. आणि मीटर बदलायचं नाही, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी साधारण ३०० आणि संध्याकाळी ३५० (हे मिनिटाला लिटरमध्ये असतं). वरवर काही वाटत नाही पण रोजचा फरक भागिले त्या दिवसाची सरासरी केलं तर १५ टक्के येतात, आणि मोठ्या माणसात दोन आठवड्यांची ही सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली की नळ्या अजून चंचल आहेत असं समजतात. पहाटे चारच्या सुमारास नळ्या सगळ्यात जास्त आकसतात म्हणून सकाळचा आकडा खाली असतो. मला कळलं की पहाटे जाग येऊन पाणी पिऊन परत झोपायचे ना, ती तहान नव्हती. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी त्या दिवशीचं कारण लिहायला लागले. शाळेत कपाटं झाडली, आकडा खाली. शेजारच्या प्लॉटवर गाजर गवत फुललं होतं ते कापलं, दोन दिवस खाली. खडूने नाही काही झालं, मला आयुष्यभर वाटायचं खडूने होतं. थंडीत कुणी शेकोटी पेटवली की हमखास. हळूहळू सकाळसंध्याकाळमधली दरी मिटत गेली आणि आकडा ३८० वर जाऊन थांबला, तो माझा पर्सनल बेस्ट धरला. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३०४, त्याच्या खाली गेलं की ठरवून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं, आणि निम्म्याच्या म्हणजे १९० च्या खाली गेलं तर वाट न बघता दवाखाना. हे तिन्ही आकडे फ्रीजवर चिकटवलेत, मुलीलाही पाठ आहेत.

उन्हाळ्याच्या तोंडावर परत टेस्ट. मी आधीच विनंती केली की तीच लॅब, तेच मशीन, शक्यतो तीच सकाळची वेळ. ताईने मला ओळखलं. सकाळी मशीन तपासताना ती तीन लिटरची एक मोठी सिरिंज घेऊन त्यातली हवा मशीनमध्ये ढकलत होती, मशीन बरोबर तीन लिटर दाखवतंय का ते बघायला. गेल्या वेळी हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मला त्या सिरिंजकडे बघून फार बरं वाटलं, माझ्या ५०-१०० मिलीच्या काळजीचा सगळा भरवसा तिच्यावर आहे.

फेनो २७. औषधाच्या आधी १.९०, औषधानंतर १.९८. म्हणजे आधी आणि नंतरमध्ये आता जेमतेम ८० मिलीचा फरक, कारण नळ्या आधीच मोकळ्या होत्या. गेल्या वेळचा औषधाआधीचा १.५८ आठवा आणि हा १.९० बघा. मी तिथेच रडले, ताई पाणी घेऊन आली.

२.३५ परत आला नाही, तो येणारही नाही. पण ४९० मधले १२० मिली परत आले, म्हणजे ते हरवलेच नव्हते, सुजेखाली दबले होते. उरले ३७०, १५ वर्षांवर पसरले तर वर्षाला साधारण २४-२५ मिली, म्हणजे वयाने जवळपास जेवढं जायचंच तेवढं. डॉक्टरांनी लगेच सावध केलं की दोन टेस्टमध्ये थोडाफार फरक निरोगी माणसातसुद्धा येतो, वर्षभराच्या अंतराने १५ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या चढउताराचा असू शकतो, म्हणून दोन ठिपक्यांवरून रेघ ओढायची नाही, चारपाच ठिपके जमू दे. आणि मोठा अटॅक येऊ द्यायचा नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्यांना वारंवार मोठे अटॅक येतात त्यांची घट जास्त वेगाने होते. "बरं वाटतंय म्हणून पंप सोडला" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये, लग्नात, सोसायटीत इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की मी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारते, शेवटची स्पायरोमेट्री कधी केली होती? बहुतेकांनी निदान झालं तेव्हा एकदा केलेली असते, पुष्कळांनी तीही नाही. खरं तर उपचार सुरू करताना, मग तीन ते सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षादोन वर्षांतून एकदा तरी करायला हवी असं दम्याच्या जागतिक गाइडलाइनमध्येच आहे.

लहान मुलांच्या आईबापांना तर मी हात जोडून सांगेन. अमेरिका आणि कॅनडातल्या कायमचा दमा असलेल्या मुलांना मोठं होईपर्यंत मोजत राहिले, २०१६ साली ते छापून आलं, त्यात चारातल्या जेमतेम एकाचीच फुफ्फुसं नीट वाढून नंतर वेळेआधी घसरली नाहीत. बाकीच्यांची एकतर पूर्ण वाढलीच नाहीत किंवा लवकर उतरायला लागली. साधारण पाचसहा वर्षांचं पोर नीट शिकवलं तर ही टेस्ट करू शकतं, स्क्रीनवर मेणबत्त्या विझवायचा खेळ दाखवतात त्यांना. माझ्या लहानपणी मोजलंच नाही कुणी, त्यामुळे माझा विशीतला आकडा किती होता ते मला कधीच कळणार नाही, माझी वही २००९ लाच सुरू होते.

माझी पुढची टेस्ट आता दिवाळीनंतर आहे, मुद्दाम त्याच मोसमात, म्हणजे २०२४ च्या दिवाळीनंतरच्या टेस्टशी तुलना होईल. रिपोर्टच्या फाइलमध्ये वरच एक कागद लावलाय, तारीख, लॅब, मशीन, शेवटचं औषध किती तास आधी घेतलं, औषधाआधीचे लिटर, नंतरचे लिटर, क्वालिटी ग्रेड. टक्क्यांचा रकाना ठेवलेला नाही.